माळढोक दिसणार नाही, तरी नान्नजला जा

ज्याच्या नावाने अभयारण्य झालं, तो पक्षीच तिथे जवळपास उरलेला नाही. मग ते अभयारण्य सांभाळायचं कशाला आणि बघायला जायचं तरी कशाला? प्रश्न एका पक्ष्याचा वाटतो; पण तो आपल्या सगळ्या माळरानांचा आहे.

समजा, रविवारी पहाटे तुम्ही सोलापूरहून बाइक काढली आणि बार्शी रस्त्याला लागलात. वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. गळ्यात मित्राकडून मागून आणलेली दुर्बीण, सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि डोक्यात एकच नाव : माळढोक. उन्हं वर येईपर्यंत तुम्ही निरीक्षण मनोऱ्यावर बसता. काळविटांचा कळप दिसतो. एखादं खोकड गवतातून डोकं वर काढतं आणि गायब होतं. चंडोल वर चढत जातो, गात गात खाली उतरतो. नशीब जोरावर असेल, तर लांब कडेने जाणारा लांडगाही दिसतो. माळढोक मात्र दिसत नाही.

घरी येऊन तुम्ही ग्रुपवर फोटो टाकता. पहिला रिप्लाय येतो, "माळढोक दिसला का?" तुम्ही लिहिता, "नाही." लगेच दुसरा येतो, "मग गेलास कशाला?"

हा प्रश्न चेष्टेतला वाटेल. पण थोड्या वेगळ्या शब्दांत तो सरकारी बैठकीत, गावच्या पारावर आणि कोर्टातही विचारला जातो. पक्षीच नाही, तर एवढी जमीन अडवून ठेवायची कशाला? याचं उत्तर शोधायचं, तर आधी माळढोक इथून गेला कसा, हे समजून घ्यावं लागतं.

मोठा पक्षी, मोठी अडचण

माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांमधल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर उभा राहिला की साधारण मीटरभर उंच भरतो, वजन पंधरा किलोपर्यंत जातं. मादी त्याहून लहान असते. तो झाडावर बसत नाही, घरटंही बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते आणि एकटीच ते उबवते. ते अंडं कुत्र्याने खाल्लं किंवा मेंढीच्या पायाखाली फुटलं, तर त्या जोडीचा हंगाम संपल्यात जमा. म्हणजे हा पक्षी मुळातच हळू वाढणारा. त्याची संख्या एकदा घसरली की पुन्हा सावरायला पिढ्या लागतात.

नर विणीच्या हंगामात ठरावीक जागी येतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि खोल, घुमणारा आवाज काढून माद्यांना बोलावतो. त्यासाठी त्याला आखूड गवताचा मोकळा माळ लागतो. मादीला अंडं लपवायला जरा उंच गवत लागतं. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, ज्वारी-हरभऱ्याचे दाणे हे त्याचं खाणं. म्हणजे त्याला नुसता माळ पुरत नाही, नुसतं शेतही पुरत नाही. दोन्ही लागतं, तेही एकमेकांना लागून. कोरडवाहू शेती आणि गायरान असलेला जुना सोलापूर जिल्हा त्याला म्हणूनच मानवला होता.

१९६९च्या सुमारास देशात अंदाजे १,२६० माळढोक असावेत, असं मानलं जातं. आज तो आकडा दीडशेच्या खाली आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या भागात आहेत. २०११ मध्ये जागतिक लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकलं गेलं. जंगलातून नाहीसं होण्याआधीची ही शेवटची पायरी. नान्नजहून गेल्या काही वर्षांत आलेल्या बातम्या एखाददुसऱ्या मादीच्या आहेत, त्याही कधीतरी. नर नाही म्हणजे पुढची पिढी नाही.

नकाशावर मोठं, जमिनीवर छोटं

१९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. दोन गोवे त्यात बसवले तरी जागा उरेल, इतकं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली अनेक गावं, शेतं, रस्ते आणि बाजारपेठा या रेषेच्या आत आल्या. कागदावर हे देशातलं सगळ्यात मोठं अभयारण्य होतं.

त्यातली वन विभागाच्या ताब्यातली जमीन मात्र थोडी आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. बाकी सगळी शेतकऱ्यांची. माळढोक प्रत्यक्षात वापरत होता ते माळ एकीकडे, आणि अभयारण्याची बंधनं मात्र शेकडो गावांवर. जमीन विकायची, बिगरशेती करायची, एखादा प्रकल्प आणायचा, की 'अभयारण्यात येतं' हे उत्तर ठरलेलं. गावातल्या पोराने आयुष्यात माळढोक बघितलेला नसतो. पण त्याच्यामुळे आपलं काम अडलं, हे त्याला पक्कं माहीत असतं. अशा गावाला तो पक्षी आपला कसा वाटणार?

शेवटी अभयारण्याच्या फेररचनेचा विषय समिती आणि न्यायालयापर्यंत गेला आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर तीन दशकं उलटली होती. या तीस वर्षांत लोकांच्या मनातला राग वाढला आणि माळावरचे पक्षी कमी झाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा नावाचं अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकसाठीच झालं. सुमारे दोनशे चौरस किलोमीटर, त्यातही बहुतेक जमीन लोकांची. तिथे संरक्षणामुळे काळवीट वाढले, काळविटांनी पिकं खाल्ली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोक अभयारण्याच्याच विरोधात उभे राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला माळढोक संपला. त्यानंतर अभयारण्य होतं ते केवळ कागदावर.

दोन्हीकडचा धडा एकच आहे. पक्ष्याला वाचवणारी रेषा लोकांना विचारून आखली नाही, तर त्या रेषेच्या आतले लोकच पक्ष्यापासून लांब जातात. आणि माळढोकसारखा शेतात चरणारा पक्षी शेतकऱ्याच्या मर्जीशिवाय जगूच शकत नाही.

ज्या गावचा माळढोक, त्याच गावची द्राक्षं

नान्नजची दुसरी ओळखही सांगायला हवी. द्राक्षं खाताना तुम्ही 'सोनाका' किंवा 'शरद सीडलेस' ही नावं ऐकली असतील. या दोन्ही वाणांचं गाव नान्नज. नानासाहेब काळे या इथल्या शेतकऱ्याने ते पुढे आणले. दुष्काळी गावाने आपल्या अकलेवर आणि कष्टावर काय उभं केलं, याचं हे उदाहरण आहे.

पण ज्वारी-करडईच्या जागी द्राक्ष, डाळिंब आणि ऊस आला की माळढोकच्या बाजूने चित्र पालटतं. मोकळ्या, नजर पोचेल अशा शेताच्या जागी मांडव येतो, तारा येतात, बोअर येतो, फवारणी येते. रब्बी ज्वारीसाठी नाव असलेला सोलापूर आज राज्यातल्या सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांमध्ये गणला जातो. यात शेतकऱ्याचं चुकलं, असं पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. ज्वारीला भाव नसेल, तर तो ज्वारी का पेरेल? तेव्हा माळढोकचा प्रश्न जितका वन विभागाचा, तितकाच ज्वारीच्या भावाचाही आहे. कोरडवाहू पिकाला चार पैसे जास्त मिळाले, तर ते शेत पक्ष्यांनाही उपयोगी पडतं. अभयारण्याच्या व्यवस्थापनात हा मुद्दा क्वचितच येतो, कारण तो दुसऱ्या खात्याचा समजला जातो.

झाडं लावा, पण इथे नको

आता जरा धक्का बसेल अशी गोष्ट. माळढोकच्या घराचं नुकसान करणाऱ्यांच्या यादीत वृक्षारोपणाचं नावही आहे.

आपण शाळेपासून 'झाडे लावा, झाडे जगवा' म्हणत मोठे झालो. त्यामुळे झाड नसलेली जमीन दिसली की ती आपल्याला ओसाड वाटते. सरकारी कागदांतही माळरानाला पडीक जमीन म्हणण्याची जुनी सवय आहे. अवर्षणप्रवण भागासाठीच्या योजनांमधून अशा माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ अशी भराभर वाढणारी झाडं लावली गेली. नान्नजच्या परिसरातले माळही त्यातून सुटले नाहीत.

पण माळरान म्हणजे तोडलं गेलेलं जंगल नव्हे. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं, मधूनमधून बोरी-बाभळी, उथळ जमीन आणि मोजका पाऊस, ही एक पूर्ण, स्वतंत्र जीवसृष्टी आहे. तिथे झाडांची दाट रांग उभी राहिली, की माळढोकला लांबचं दिसेनासं होतं. धोका येताना दिसला नाही, तर तो त्या जागी थांबत नाही. वर झाडावर कावळे आणि शिकारी पक्षी टपून बसतात. खाली अंडं उघड्यावर. कर्नाटकात राणीबेन्नूरच्या अभयारण्यात निलगिरीची लागवड झाली. तिथला काळवीट राहिला, माळढोक गेला.

पावसाळा लागला की कॉलेजचं एनएसएस युनिट कुदळ-फावडी घेऊन बाहेर पडतं. हेतू चांगला असतो. पण खड्डा कुठे खणतोय, हे विचारायला हवं. ज्या माळावर हजारो वर्षं गवतच आहे, तिथे झाड लावणं म्हणजे तळं बुजवून बाग करण्यासारखं आहे. बाग दिसायला छान असेल. पण माशांचं काय?

राजस्थानात पिल्लं, कोर्टात तारा

गेल्या काही वर्षांत माळढोक सगळ्यात जास्त गाजला तो विजेच्या तारांमुळे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि वजनामुळे उडताना ऐनवेळी वळताही येत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागाचा अभ्यास केला, तेव्हा तिथे विजेच्या तारांमुळे सगळ्या जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी मरत असावेत, असा अंदाज निघाला.

निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकच्या भागात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पण हाच भाग सौर आणि पवन ऊर्जेचाही. सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवर हा आदेश पाळणं व्यवहार्य नाही, असं सरकारने सांगितलं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क असल्याचंही मान्य केलं. म्हणजे भांडण चांगलं विरुद्ध वाईट असं नाहीच. एकीकडे पक्षी, दुसरीकडे कोळसा कमी करणारी वीज. म्हणूनच ते सुटायला अवघड आहे.

याच काळात एक आशेची गोष्टही घडली. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात सम आणि नंतर रामदेवरा इथल्या केंद्रांत माळढोकचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवली गेली, पिल्लं वाढवली गेली. पुढे त्याच पिल्लांचे पक्षी झाले आणि त्यांनीही अंडी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. आज या केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या साठच्या पुढे गेली आहे.

आता खरा प्रश्न येतो. हे पक्षी कायम पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत. कधीतरी त्यांच्या पुढच्या पिढ्यांना माळावर सोडायचं आहे. आधी अर्थातच राजस्थानात. पण उद्या कुणी म्हणालं की महाराष्ट्रातही परत न्या, तर कुठे नेणार? केंद्रात पिल्लू तयार करता येतं, माळ तयार करता येत नाही. तो सांभाळूनच ठेवावा लागतो. 'पक्षी नाही तर अभयारण्य कशाला' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पक्षी नाही, म्हणूनच त्याची जागा राखायची. तीही गेली, तर परतीचा रस्ताच बंद.

जागा राखायची म्हणजे नेमकं काय?

'कुंपण घाला, लोकांना बाहेर काढा' ही आपली संरक्षणाची सोपी कल्पना. माळरानावर ती अर्धीच चालते. चराई पूर्ण बंद केली की काही वर्षांत गवत दाट, जाडं आणि उंच होतं, झुडपं शिरतात, आणि मोकळ्यावर राहणारे पक्षी तिथून उठतात. चराई बेसुमार झाली, तर माती उघडी पडते. दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं. काही तुकडे विणीच्या काळात बंद, काही खुले; कुठे गवत कापायचं, कुठे राखायचं, आणि हे दरवर्षी फिरवत ठेवायचं. मेंढपाळांना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कुठल्या माळावर कधी थांबायचं, कधी उठायचं, हे त्यांच्याकडून शिकून नियोजन करता येईल. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. त्याचा उपयोग फक्त पोस्टर लावण्यापुरता होऊ नये.

दुसरं काम झाडं काढण्याचं. ऐकायला विचित्र वाटेल. पण माळावरची लावलेली परदेशी झाडं आणि पसरलेली वेडी बाभूळ हटवणं हे इथलं संवर्धनच आहे. तिसरं, भटकी कुत्री. जमिनीवर अंडी घालणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला त्यांचा धोका आहे, आणि कुत्री येतात ती कचऱ्यामागे. म्हणजे गावाचा कचरा कुठे पडतो, हाही अभयारण्याचा विषय झाला. चौथं, विजेच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावणं. आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं : काळविटांनी पीक खाल्लं तर पंचनामा लवकर आणि भरपाई वेळेवर. शेतकऱ्याला हेलपाटे घालावे लागले, की त्याचा राग वन विभागावर निघत नाही, काळविटावर निघतो.

यातलं काहीच फक्त माळढोकसाठी नाही. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, तितर हे सगळे इथले, याच जमिनीवर वीण करणारे. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी याच गवतावरून खालून खालून तरंगत जातात आणि रात्री गवतातच उतरतात. लांडगा आणि खोकड यांनाही दुसरं घर नाही. माळढोकच्या नावावर राखलेल्या जमिनीने इतक्यांना आसरा दिला आहे. फक्त त्या पाटीवरच्या एका पक्ष्यावरून अभयारण्य पास की नापास हे ठरवणं, म्हणजे एकाच विषयाच्या मार्कांवर अख्खा निकाल लावण्यासारखं झालं.

आपण जातो, तेव्हा

आता आपल्याविषयी. बर्डिंगला जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढतेय, ही चांगलीच गोष्ट. पण माळरानावर माणसाचा त्रास जंगलापेक्षा जास्त होतो, कारण तिथे लपायला आडोसाच नसतो. गाडी कुठूनही घालता येते, म्हणून ती कुठूनही घातली जाते. लांडग्याच्या फोटोसाठी त्याच्या मागे जीप पळवणं, खोकडाच्या बिळासमोर पाच-सहा कॅमेरे लावून बसणं, ड्रोन उडवणं, तितराला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचाच आवाज लावणं, हे सगळं चालतं आणि त्याला लाइकही मिळतात. गाडीच्या चाकाखाली धाविकाची अंडी गेली, तर तुम्हाला कळणारही नाही. ती मातीच्या खड्यांसारखीच दिसतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात जायला परवानगी लागते; २८व्या कलमात अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी ती देण्याची तरतूद आहे. २७वं कलम सांगतं की आत प्राण्यांना त्रास द्यायचा नाही आणि कचरा करायचा नाही. म्हणजे वेफर्सचं पाकीट टाकणं हा तिथे नुसता असभ्यपणा नाही, तो कायद्याचा भंग आहे.

नान्नजला किंवा कुठल्याही माळरानावर जायचं असेल, तर एवढं लक्षात असू द्या :

• आधी वन विभागाकडे चौकशी करा. परवानगी, वेळ आणि वाट ठरलेली असेल, तीच पाळा.
• स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. पक्षी दाखवून गावात चार पैसे आले, तरच गावाला पक्षी परवडतो.
• पाऊस संपताना गवत बघायला जा, हिवाळ्यात भोवत्यांसाठी जा. उन्हाळ्यात, जमिनीवरच्या घरट्यांच्या काळात, पायवाट सोडू नका.
• गाडी रस्त्यावरच ठेवा. मळकट रंगाचे कपडे घाला, सावकाश चाला, एका जागी बसा. माळावर बसणाऱ्याला जास्त दिसतं, फिरणाऱ्याला कमी.
• घरटं, बीळ किंवा दुर्मीळ पक्षी दिसला, तर लोकेशन टाकू नका. फोटो टाका, जागा टाकू नका.
• जे दिसलं त्याची नोंद ठेवा. तारीख, वेळ, किती होते. साधी टिटवी असली तरीही. दहा वर्षांनी हीच यादी अभ्यासकाला उपयोगी पडते.

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आधी बुकिंग, ठरलेले मार्ग, बरोबर गावातला गाइड, अशी पद्धत आहे. वाघ नसलेल्या ठिकाणीही लोक पैसे देऊन सफारीला येतात, ही गोष्टच किती वर्षं कुणाला पटत नव्हती! अशी सफारी माळाचं रक्षण करेलच असं नाही. गर्दी वाढली तर उलटही होऊ शकतं. पण 'ही पडीक जमीन आहे' या समजुतीला उत्तर द्यायचं असेल, तर तिथे काय काय राहतं हे लोकांनी डोळ्यांनी बघायलाच हवं.

'मग गेलास कशाला?'

पुढच्या वेळी ग्रुपवर हा प्रश्न आला, तर उत्तर तयार ठेवा. जमिनीचं भवितव्य ठरवताना तिथे कोण येतं, कोण बघतं, कोण नोंद ठेवतं, हे मोजलं जातं. जिथे कुणी फिरकत नाही, ती जमीन रिकामी समजली जाते. आणि रिकाम्या समजलेल्या जमिनीवर प्रकल्पाची पाटी लागायला वेळ लागत नाही. तुमच्या वहीतली चंडोल-टिटव्यांची साधी यादी हा त्या जमिनीचा पुरावा आहे.

माळढोक आपल्या हयातीत नान्नजला परत येईल का? आजची परिस्थिती बघता, छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नाही. पण तो परत आला आणि त्याला गवताऐवजी सुबाभळीची रांग, विजेच्या तारा आणि चिडलेलं गाव दिसलं, तर तो पुन्हा जाईल. आणि पुन्हा गेला, तर त्याला परत आणायला राजस्थानातलं कुठलंही केंद्र पुरं पडणार नाही.

म्हणून जा. पहाटे जा, शांतपणे बसा, जे दिसेल ते लिहून घ्या. येताना नान्नजची द्राक्षं आणि घरी भाकरीसाठी चार किलो सोलापुरी ज्वारी घेऊन या. या माळाच्या संवर्धनाला तेवढी ज्वारीसुद्धा हातभार लावते.